भाऊची पिकअप उशिरा ऐकते

८ जानेवारी २०२४, सोमवार

भाऊ आला. गॅरेजवर. सात वर्षांनी!

मी एका टेम्पोखाली आडवा होतो. आधी पाय दिसले, मग आवाज — "कुंदन शे का?" बाहेर निघताना चेसिसला डोकं आपटलं.

कौतिकभाऊ खराब दिसतो. चोपन्नचा आहे, सत्तरीचा वाटला. मागे त्याची पांढरी पिकअप उभी. नवी होती तेव्हा वहिनीने फोनवर फोटो पाठवला होता, प्रत्यक्ष आज पाहिली. दोंडाईच्याची मिरची वाहून वास अंगात मुरलेला.

ना तब्येतीची चौकशी, ना पोरांची, काही नाही. म्हणाला, "गाडी उशिरा ऐकस. मी पाय देस, ती मंग उठस."

मीही गिऱ्हाइकाशी बोलतो तसाच बोललो. कधीपासून? लोड असताना की रिकामी असताना? शेवटी राहवलं नाही. "धुयामा मिस्तरी नहीत का?" शिंदखेड्याहून धुळं जवळ, जळगाव शंभराच्या वर किलोमीटर!

"शेतस. तू दख." आहेत, पण तूच बघ.

एअर फिल्टर उघडला. लाल! मिरचीच्या भुकटीने गच्च. नवा टाकला. शिंका थांबेनात. भाऊ बाकावर बसून बघत राहिला आणि मग गेला.

चहा विचारला नाही मी.

९ जानेवारी

ज्योती, बायको माझी, दोनदा म्हणाली, "पाणी तरी दिलं का?" पाणी दिलं होतं. ते तो स्वतःच माठातून प्यायला, पण मी दिलं असंच सांगितलं.

२२ जानेवारी

पुन्हा आला. "आते बरी शे. पन अजून उशीर शे."

स्कॅनर लावला. एरर एकही नाही. त्याला समजावलं — पूर्वी पेडलपासून इंजिनापर्यंत तार असायची. आता पेडलमध्ये नुसता सेन्सर. पाय किती दाबला ते तो वायरीतून कॉम्प्युटरला कळवतो आणि डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. धूर होऊ नये म्हणून तो सबुरीने घेतो. नव्या सगळ्या गाड्यांत हा बारीकसा उशीर असतोच.

भाऊ ऐकत होता. लहानपणी मी त्याच्याकडे बघायचो तसा तो माझ्याकडे बघत होता, हे मला आवडलं. खोटं कशाला लिहू.

टर्बोच्या हवेच्या पाइपला बारीक चीर सापडली. तीच! पाइप बदलला. शिरसोली रोडवर चक्कर मारून आणली. पायाच्या इशाऱ्याला उठते गाडी.

आज चहा सांगितला. दोघांनी एकाच बाकावर बसून प्यायला.

२३ जानेवारी

आबा — वडील — गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा. भाऊने मला वाढवलं. दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर होता तो. मला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरायला शिकवलं, पुढे धुळ्याला आयटीआयत घातलं. कपडे त्याच्या मापाचे, मला ढगळे.

आणि माय गेली तेव्हा मी वेळेवर पोचलो नाही. २०१७. वहिनीचा फोन सकाळीच आला होता — "माय बरी नही, ये." माझ्यापुढे एका माणसाचं इंजिन उघडं पडलेलं. म्हटलं, बंद करून निघतो. निघायला दुपार झाली. पोचलो तेव्हा माती देऊन लोक परत येत होते... नाही, अग्नी देऊन. आमच्याकडे माती देतात लहान लेकरांना. माझं डोकंच चालत नाही त्या दिवसाचं लिहिताना.

भाऊ साऱ्या गावासमोर म्हणाला, "तू गाड्याच दुरुस्त कर. घर आम्ही दखसू."

तेव्हापासून गावाला गेलो नाही.

१२ फेब्रुवारी

तिसरी खेप. उशीर आहेच म्हणतो. मी चालवली की नाही. तो चालवतो तेव्हा आहे!

आज इंजिनात परत फिरणाऱ्या धुराचा व्हॉल्व्ह खोलला. काजळी बोटभर. खरवडून काढली. दिवस गेला. ज्योतीने वांग्याचं भरीत आणि कळण्याच्या भाकरी पाठवल्या. भाऊ सावकाश जेवतो आता. घास तोंडाशी नेताना थांबतो. म्हटलं, घाई नाही, खा. तो म्हणाला, "माले घाई कसानी शे?"

जाताना पहिल्यांदाच हसला.

१३ फेब्रुवारी

एवढा चांगला मिस्त्री आणि एक पिकअप ऐकत नाही. मनाला लागलंय माझ्या.

२६ फेब्रुवारी

रिस्पॉन्स बॉक्स मागवला. बस्स. हा पेडल आणि वायरिंगच्या मध्ये बसतो. पाय दोन आणे दाबला तर कॉम्प्युटरला सहा आणे दाबला म्हणून सांगतो. शौकीन पोरं बसवून घेतात. मालाच्या गाडीला मी एरवी बसवला नसता. पण भाऊची तक्रार मिटवायचीच.

बसवला. साध्या नंबरवर ठेवला. भाऊ चक्कर मारून आला आणि मान हलवली — अजून.

"अजून वर घे."

सगळ्यात वरच्या नंबरवर घेतला.

३ मार्च, रविवार



भाऊ सकाळी आला. गाडी आत घे म्हटलं, बॉक्सचा नंबर पुन्हा लावून बघतो. तो गाडीत बसला. पहिला गिअर. मी समोरून बाजूला झालो. गाडी जागची हलेना. मी म्हटलं, "भाऊ, ये ना!" — आणि एकदम उडी मारल्यासारखी अंगावर आली! कॉम्प्रेसर आडवा. टूलची पेटी चेपली. गाडी भिंतीला ठोकून बंद पडली. मी दोन हात अंतरावर होतो.

मी ओरडलो. "गाडी चालवता येत नाही का आता तुला?"

ज्याने मला स्टिअरिंग धरायला शिकवलं त्याला.

तो दार धरून उतरला. बंपरवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तुले लागनं तं नही ना?"

बॉक्स काढून टाकला.

५ मार्च

फोन करावा. केला नाही.

१९ मार्च, मंगळवार

लिहायलाच हवं.

भाऊ आला, तर सोबत ऋतिका. त्याची मुलगी. मी पाहिली तेव्हा चौदाची होती, आता धुळ्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. गाडी तिने आणली होती. भाऊला ती नाना म्हणते. म्हणाली, "काका, नानांनी पारोळ्याजवळ एसटीला घासता घासता वाचवली. ब्रेकच उशिरा लागला."

ब्रेक! ब्रेकला कसला कॉम्प्युटर?

पण हात सवयीने स्कॅनरकडे गेला. लॅपटॉपवर दोन रेघा लावल्या. एक पेडलची, एक इंजिनाची. आधी मी बसलो. ऋतिकाला म्हटलं, तू "दाब" म्हण. तिने म्हटलं. दोन्ही रेघा लगेच वर.

मग भाऊला बसवलं. मी म्हटलं, "दाब."

रेघ सपाट. मी स्क्रीनकडे बघतोय. एक... दोन... मग पेडलची रेघ उठली, आणि तिच्याबरोबर इंजिनाची. दोघींमध्ये सूतभर अंतर नाही. पुन्हा. "दाब." एक... दोन...

गाडीत उशीर नव्हताच. उशीर पेडलच्या आधी होता.

मी खाली बसलो आणि त्याची चप्पल काढली. पँट वर सारली. उजवी पोटरी डावीच्या निम्मी! आणि कातडीखाली मांस आपोआप फडफडत होतं. तो दाबत नव्हता, हलवत नव्हता, तरी फडफडत होतं. मी हात ठेवला तरी थांबेना.

मी म्हटलं, "भाऊ, हे कधीपासून?"

तो समोर काचेतून बघत राहिला. "गाडीच जुनी व्हयनी," म्हणाला.

२० मार्च

कालच्या आधी पाच खेपा. मी फिल्टर पाहिला, पाइप पाहिला, व्हॉल्व्ह पाहिला. माणूस समोर बाकावर बसला होता. त्याचा घास थांबत होता, हेही पाहिलं. आणि म्हणालो काय, तर घाई नाही, खा!

४ एप्रिल

जळगावच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. सुया टोचून नसांची तपासणी. पाठीचा एमआरआय. आज सगळे रिपोर्ट घेऊन त्यांनी बसवलं. शांत बाई आहेत. मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसा मरत चालल्यात, म्हणाल्या. एकेक करून सगळीकडे जाईल. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. औषध आहे, पण थोपवण्यापुरतं. बरं करणारं नाही.

मी विचारलं, "जानेवारीत आणलं असतं तर?"

"तर तीन महिने आधी कळलं असतं. एवढंच."

भाऊने टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. उठताना डॉक्टरांना नमस्कार केला. मीच खुर्चीत बसून होतो. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला — मला उठवायला.

५ एप्रिल

हुकूम निघतो. तार खराब. हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कोणाला नाही, मला!

७ एप्रिल

गाडीची किल्ली मागितली. त्याने दिली. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

११ मे

काल अक्षय्य तृतीया, आपली आखाजी झाली. ज्योती म्हणाली, आपण जाऊ गावाला. मी नाही म्हणालो. कारण सांगता येत नव्हतं. ओट्यावर ज्या जागी उभं राहून तो बोलला होता, त्या जागेवरून आत जायचं.

ऋतिकाचा फोन. ती आता मिरचीच्या खेपा करते. भाऊ शेजारी बसतो आणि सांगतो — गिअर टाक, आरसा दख, पुढे गाय शे. म्हणाली, "काका, नाना एवढं बोलतात हे मला माहीतच नव्हतं."

१८ जून

आता काठी घेऊन. उजवा पाय ओढतो.

९ जुलै

फोनवर आवाज जड येतोय. म्हटलं लाइन खराब असेल.

लाइन खराब नव्हती.

११ ऑगस्ट, रविवार

घरी गेलो.

घरी कानबाई देवी बसली होती. दिपमाला वहिनी सकाळपासून नैवेद्याच्या रोटांच्या घाईत. ज्योतीने पिशवी ठेवली आणि बाह्या वर करून तिच्याशेजारी बसली. दोघी जणू कालच भेटल्यासारख्या. बायकांना हे कसं जमतं?

भाऊ ओट्यावर खाटेवर होता. मी पायरीशी उभा. तो म्हणाला, "वर ये."

बसलो. गावातले लोक येऊन जाऊन होते. मग तो बोलला. शब्द चिकटतात आता, कान जवळ न्यावा लागतो. "मी तवय लोकेसमोर बोलनू. चुकनू मी."

मी म्हटलं, "जाऊ दे भाऊ."

"जाऊ दे नही. माय तुलेच याद करे. त्या दिनले सुद्धा. ते माले सहन व्हयनं नही."

मी त्याच्या खाटेच्या कडेला डोकं टेकवलं. तो माझ्या केसांतून हात फिरवायला गेला, हात मध्येच थांबला. मी तो धरून डोक्यावर ठेवला.

रोट मी चार खाल्ले. वहिनी म्हणाली, अजून घ्या.

१२ ऑगस्ट

कानबाईला नदीवर पोचवलं. भाऊला पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसवून नेलं. सीट अजून मिरचीची. गर्दीत एक म्हातारा ओरडला, "कौतिक, आज ड्रायव्हर कोन शे?" भाऊने ऋतिकाकडे बोट दाखवलं. म्हातारा हसला. भाऊही.

१५ सप्टेंबर

दर रविवारी जातो आता. गॅरेजवर पाटी लावली — रविवारी बंद. एक गिऱ्हाईक चिडलं. चिडो.

२९ सप्टेंबर

भाऊ म्हणाला — म्हणजे दोनदा म्हणाला तेव्हा कळलं — "एकदाव चालाडनी शे." गाडी. एकदा चालवायची आहे.

वहिनी रागावली. ऋतिका बाहेर निघून गेली. येताना सोनगीरपासून एकच विचार.

३० सप्टेंबर

पेडलला तार नाही! नुसता सेन्सर आहे. तो पायाखालीच असला पाहिजे असं कुठे लिहिलंय?

८ ऑक्टोबर

पेडलचा अख्खा संच जमिनीवरून सोडवला. पट्ट्या कापून वेल्डिंग केलं, उजव्या हाताशी, दाराच्या बाजूला. एक दांडा जोडला, खाली ढकलला की दाबल्यासारखं. वायर लांबवली. रिस्पॉन्स बॉक्स शोधला, कपाटाखाली गेला होता. बसवला. त्याचा हात आता जेमतेम दोन आणे दाबतो. सहा आणे बॉक्स सांगेल.

रस्त्यावर नाही. फक्त शेतात. वहिनीला शब्द दिलाय.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. गाडी धुतली होती, बॉनेटवर झेंडू तसाच.

बाजरी काढून झालेलं मोकळं रान. मी आणि ऋतिकाने उचलून त्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. कंबरेला माझा गमछा सीटसकट बांधला. मी शेजारी, एक हात हँडब्रेकवर, दुसरा किल्लीवर. त्याच्या डाव्या पायात एकदा क्लच दाबण्यापुरती ताकद होती. मी पहिला गिअर टाकला. वहिनी बांधावर, पदर तोंडाशी. ऋतिका गाडीबरोबर पळायच्या तयारीत.

भाऊने मनगट दांड्यावर टेकवलं. बोटं नाही वळत, मनगटानेच.

गाडी उठली. लगेच!

धक्का नाही. मातीत चाकं फिरली आणि आम्ही निघालो. बांधापर्यंत गेलो. स्टिअरिंग मी थोडं धरलं, बरंचसं त्यानेच वळवलं. दुसऱ्या बांधापर्यंत. पुन्हा वळलो. बगळे उठले. ऋतिका मागे राहिली, ओरडत होती, "नाना! नाना!"

भाऊचं तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, मी पुसतोय आणि तो मान बाजूला करतोय — समोर बघू दे!

थांबलो तेव्हा त्याने दांड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"आते ऐकस," म्हणाला.

१४ ऑक्टोबर

आयुष्यात केलेलं सगळ्यात चांगलं काम. बिल नाही, गिऱ्हाईक नाही. एका रानात दहा मिनिटं.

२४ नोव्हेंबर

दांडा काढला. हात गेले. पेडल पुन्हा खाली बसवलं ऋतिकासाठी. बोल्ट आवळताना भाऊ खिडकीतून बघत होता.

२२ डिसेंबर

बोलणं संपलं. हो असेल तर डोळे मिटतो. नाही असेल तर उघडे ठेवतो. आज मी विचारलं, दुखतं का? उघडे. घाबरतोस का? उघडे. मी बसू का अजून? मिटले.

१९ जानेवारी २०२५

गॅरेज आता बंदच ठेवतो. ज्योतीनेच सांगितलं, जा, राहा तिथे.

२ फेब्रुवारी

भाऊ गेला. सकाळी सव्वासातला. मी वेळेवर होतो.

१६ फेब्रुवारी

तेरावं करून परत आलो. गॅरेज उघडलं. काम करवत नाही. एकच सारखं डोक्यात — गेल्या वर्षी जानेवारीपासून मार्चपर्यंत तो येत होता, आणि मी त्याला सोडून गाडी तपासत होतो. डॉक्टर काही म्हणोत. तीन महिने मी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

६ मार्च

पिकअप ऋतिकाच्या नावावर करायची, म्हणून कागद आणायला गावाला गेलो. वहिनीने कपाटातली पिशवी उपडी केली. त्यात एक फाइल. नाशिकच्या डॉक्टरांची. भाऊचं नाव, तोच आजार, इंग्रजीत पूर्ण लिहिलेला. तारीख — २१ सप्टेंबर २०२३. माझ्याकडे पहिल्यांदा आला त्याच्या साडेतीन महिने आधीची!

मी फाइल वहिनीपुढे धरली. ती कागद गोळा करत होती.

"त्यासले माहीत व्हतं," म्हणाली. "म्हनेत, कुंदनकडे जास. मी म्हनलं, सरळ जा ना, भाऊ शे तुमना. तं म्हने — असाच कसा जाऊ? काहीतरी बिघाड सांगना पडी ना त्याले."